पोरीच्या हाती रायफल? हो. पण आधी बसायला शिकवू या!

परवा चहाच्या टपरीवर ओळखीचे एक काका म्हणाले, "भाऊ, पोरीले नेमबाजी कायले शिकवता? बंदुकीचं भय का कमी पाह्यलं आपन?"

प्रश्न खोटा नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या माणसाला बंदूक म्हटलं की खेळ आठवत नाही. म्हणूनच सविस्तर लिहितोय.

मी काही मोठा नेमबाज नाही. कॉलेजात एनसीसीत होतो. कॅम्पमध्ये पॉइंट २२ रायफलीचे पाच राउंड मिळायचे, तेही पोटावर पडून, वाळूच्या पोत्यावर हात टेकवून. माझ्या पाचही गोळ्या जवळजवळ लागल्या आणि मी हवेत! उस्ताद हसले. रिकामी रायफल हातात दिली न् म्हणाले, "आता गुडघ्यावर बस." दोन मिनिटांत नळी धानाच्या लोंबीसारखी डोलायला लागली. सगळी हुशारी पोत्याची होती, माझी नव्हती.

त्या दिवशी कळलं, नेम डोळ्यानं कमी आणि बैठकीनं जास्त लागतो. रायफलीचं वजन दंडाच्या ताकदीवर नाही, हाडांवर तोलायचं. कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर घसरतं, थोडं पुढे सरकवायचं. नेम धरून डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. नेम सरकला असेल तर हातानं ओढून आणायचा नाही, अख्खं शरीर वळवायचं. मग ट्रिगर हळूहळू दाबायचा. यातलं बहुतेक सगळं एकही गोळी न झाडता शिकता येतं.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. गुडघ्यावर बसून, पडून आणि उभं राहून, असे तीन प्रकार. पहिल्या दोन प्रकारांनंतर तो पदकाच्या बाहेर होता. सगळ्यात अवघड, उभ्या पोझिशनमध्ये त्यानं वर झेप घेतली. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पोरगा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, घडला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच.

आता गंमत बघा. महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्या गोंदियातून सुटते आणि कोल्हापुरातच थांबते. रूळ एकच, पण या टोकाचे पोट्टे पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात आणि त्या टोकाचे ऑलिम्पिकला जातात. आपल्या पोरांत दम कमी आहे का? रोवणीत दिवसभर वाकून राहणाऱ्या मायची लेकरं आहेत ती!

मागणी मोठी नाही. ५० मीटरची रेंज नंतर बघू. तालुका क्रीडा संकुलात १० मीटरचा एक बंदिस्त हॉल, छर्रे अडवणारी पेटी, चांगला उजेड, कुलूपबंद कपाटात चार-सहा एअर रायफली आणि एक जाणकार प्रशिक्षक. जिल्हा वार्षिक योजनेतून एवढं होऊ नये?

आणि काकांना उत्तर. रेंजवर पहिला धडा नेमाचा नसतोच. नळी कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आदेश मिळाल्याशिवाय कुणी रेषेपुढे जायचं नाही. ज्या पोरीला हे अंगवळणी पडलं, तिच्या हातच्या रायफलीचं भय वाटायचं कारण नाही. भय बेशिस्तीचं असावं.

काका, एक दिवस पोरीला घेऊन या. रायफल नंतर, आधी गुडघ्यावर बसून बघू.

पटलं तर आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण वाचून भांडा!