बादलीभर पाणी आणि तुटलेले झाकण

माझ्या जुन्या मोटारीतील खणाच्या झाकणाची बिजागरी तुटली. ‘अख्खा खणच बदला’, गॅरेजवाला म्हणाला. मी गंगाखेडहून भंगारातले तसलेच फुटके झाकण आणले आणि राणीसावरगावी घरीच खटपट मांडली.

आधी प्लास्टिक ओळखावे लागते. छोटा तुकडा पाण्यात बुडवून सोडा. (साबणाचा थेंब टाका, नाहीतर पृष्ठताण फसवील!) पॉलिप्रोपिलीनची घनता सुमारे ०.९, ते तरंगते आणि त्याला साधा गोंद धरत नाही. एबीएसची सुमारे १.०५, ते बुडते. एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवला की तडा सांधणारा लेप तयार होतो.

माझा तुकडा बुडाला. मी लेप लावला. दोन दिवसांनी तो पापुद्र्यासारखा निघून आला! झाकणाच्या आतली ठशीव अक्षरे तेव्हा वाचली : पीपी-टी२०. म्हणजे वीस टक्के शंखजिरे मिसळलेले पॉलिप्रोपिलीन, तेही बुडते. अखेर भंगारातली बिजागरी कापून स्क्रूने बसवली.

शाळेत घनता पितळी ठोकळ्यांवर शिकवतात. ती अशा भंगारावर शिकवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ठोकळा कधी फसवत नाही. ॲसिटोन मात्र शिक्षकांनीच हाताळावे. त्याची वाफ झटकन पेटते. आणि सीटबेल्ट भंगारातला कधीही वापरू नये.