मेनू बदला, पत्ता नको

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांची संकेतस्थळे उघडली की वरची पट्टी बहुधा सारखीच भेटते : आमच्याविषयी, प्रशासन, विभाग, आयक्यूएसी, नॅक, संपर्क. ही मांडणी कार्यालयाच्या फायलींवरून उचललेली असते. विद्यार्थी मात्र शुल्क किती, शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत आणि बोनाफाइड कुठे मिळेल, एवढेच विचारायला आलेला असतो. कुठले काम कोणत्या शाखेकडे, हे त्याने का ओळखावे? तरीही माझा मुख्य आक्षेप पट्टीवर नाही. ती एका दुपारी बदलता येते. हीच शाखावार उतरंड पानांच्या पत्त्यांत भरली जाते, खरे दुखणे ते आहे.

वर्डप्रेसचे उदाहरण घेऊ. त्यात नोंदी म्हणजे पोस्ट वेगळ्या आणि कायमची पाने म्हणजे पेज वेगळी. पानांची ही सोय २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत आली. पान संपादित करताना बाजूच्या पट्टीत ‘पेरेंट’ निवडता येतो, आणि निवडला की त्या पालक पानाचे नाव पत्त्यात शिरते : ‘प्रशासन/लेखा-विभाग/शुल्क’. उद्या शुल्काचे काम लेखा विभागाकडून विद्यार्थी कक्षाकडे गेले आणि कुणी पालक बदलला, की पत्ताही बदलला. मेनू मात्र निराळ्या ठिकाणी रचला जातो. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून तो हवा तसा बांधता येतो. पान पत्त्याने कुणाच्याही पोटात असो, मेनूत ते कुठेही टांगा. हे ठाऊक नसल्यामुळे निव्वळ मेनू नीटनेटका दिसावा म्हणून पालक बदलले जातात. नोंदीचे पत्त्यातले नाव बदलले तर वर्डप्रेस जुने लक्षात ठेवून वाचकाला नव्याकडे धाडते. पानांच्या बाबतीत अशी नोंद ते ठेवत नाही. त्याचा फटका महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकला पाठवलेल्या अहवालालाही बसतो : त्यात जागोजागी संकेतस्थळाचे दुवे दिलेले असतात, आणि अहवाल पाठवल्यावर निकष १ ते ७ ची पाने कुणी ‘आवरली’ तर तपासणाऱ्यासमोर ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, उभा राहू शकतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी चांगले पत्ते बदलत नसतात हे १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे.

मग पालक नकोच, सगळी पाने एका रांगेत ठेवा, असे काही जाणकार म्हणतात. इंग्रजी पत्त्यांपुरते ते बरेचसे चालेल, देवनागरीत अडते. पत्त्यातल्या पानाच्या नावाला वर्डप्रेस २०० वर्णांची मर्यादा घालते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, सांकेतिक रूपात ९ वर्ण खाते. म्हणजे बावीसेक चिन्हांत खेळ आटोपला. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ या शीर्षकातला ‘सूचना’ हा शब्द पत्त्यात उरतच नाही. त्याच सभेच्या इतिवृत्ताचे पान केले तर तेही नेमके तिथेच तुटते आणि दोन्ही पत्त्यांत फरक उरतो तो ‘सभेची’-‘सभेचे’ एवढ्या एका चिन्हाचा. दोन्ही वेगवेगळ्या पालकांखाली असतील तर नावे आपसांत भिडत नाहीत, शिवाय शीर्षके आखूड ठेवता येतात : ‘सूचना/वार्षिक-सभा’, ‘इतिवृत्ते/वार्षिक-सभा’. तेव्हा पालक हवा, पण तो कामाच्या नावाचा. विभागांची नावे बदलतात, समित्या बरखास्त होतात. प्रवेश, शुल्क, परीक्षा, शिष्यवृत्ती ही कामे टिकतात. दोन पातळ्या पुष्कळ झाल्या, तिसरी लागली तर आधी संशय घ्यावा.

लोक थेट गूगलवरून येतात, रचना पाहतो कोण, हा दुसरा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे. पण गूगलवरून आलेला माणूस मुखपृष्ठ न पाहता मधल्याच पानावर उतरतो. आपण कुठे आलो आणि शेजारी काय आहे, हे त्याला तिथेच कळायला हवे. शिवाय गूगलच्या हातातला पत्ता जुनाही असू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे आणि प्रवेशपुस्तिकेत छापलेले पत्ते तर कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत.

कधीकधी पाने हलवावी लागतात, हे मान्य. अशा वेळी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, त्याच दिवशी लागले पाहिजे. नव्या संकेतस्थळाच्या कंत्राटात रंग, बॅनर, सरकत्या छायाचित्रांच्या ओळी असतात. जुन्या पत्त्यांची यादी आणि त्यांची वळणे ही ओळ नसेल, तर प्राचार्यांनी सही करू नये.