व्हिसा फ्री म्हणे!

सगळ्यात आधी एक साधा प्रश्न. एखाद्या देशात जाण्यापूर्वी मला त्या देशाच्या सरकारकडे अर्ज करावा लागतो. पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, कुठे उतरणार ते सगळं कळवावं लागतं. बऱ्याचदा पैसेही भरावे लागतात. आणि एवढं करून ते सरकार 'नाही' म्हणू शकतं. या प्रकाराला काय म्हणायचं? आपल्या साध्या मराठीत परवानगी. पासपोर्टच्या भाषेत व्हिसा. आणि हल्लीच्या पर्यटन खात्यांच्या भाषेत... व्हिसा फ्री!

अतिशयोक्ती वाटत असेल तर केनियाचं बघा. १२ डिसेंबर २०२३ ला केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की जानेवारी २०२४ पासून जगातल्या कुणालाच केनियाचा व्हिसा लागणार नाही. टाळ्या वगैरे झाल्या. मग लोकांनी बारीक अक्षरातला मजकूर वाचला. व्हिसा नाही, पण ईटीए (म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी) हवी, ती निघण्याआधी काढायची आणि तिला तीस डॉलर पडतील. ज्यांना आधी व्हिसा लागायचा त्यांचे थोडे पैसे वाचले, हे खरं. पण ज्या देशांच्या लोकांना आधी काहीच लागत नव्हतं, तेही आता फॉर्म भरून पैसे मोजायला लागले. व्हिसा रद्द झाल्यामुळे! वर्षभर ओरडा झाल्यावर २०२५ च्या सुरुवातीला केनियाने बहुतेक आफ्रिकी देशांना यातून सोडलं. आपण अर्थात त्यात नाही.

आता कुणी म्हणेल, "अरे, वकिलातीच्या दारात तीन तास उभं राहण्यापेक्षा दहा मिनिटांचा फॉर्म बरा नाही का?" बरा आहे ना. शंभरदा बरा आहे. बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, 'हा आमचाच कर्मचारी आहे आणि तो परत येईल' असं कंपनीचं पत्र, हे सगळं घेऊन ज्याने व्हिसाच्या रांगा लावल्यात त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. माझं भांडण फॉर्मशी नाही, नावाशी आहे. सोपा व्हिसा म्हणा, ऑनलाइन व्हिसा म्हणा. 'फ्री' म्हणू नका. कारण 'फ्री' हा शब्द वाचून माणसं बिनधास्त तिकीट काढतात आणि मग विमानतळावर अडकतात.

गंमत म्हणजे नावातली ही गफलत आपल्याच सरकारला फार लवकर कळली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारताने परदेशी पर्यटकांसाठी ऑनलाइन परवानगी सुरू केली, तेव्हा तिच्या नावात 'व्हिसा ऑन अरायव्हल' असे शब्द होते. लोकांना वाटलं, उतरल्यावर व्हिसा मिळतो. प्रत्यक्षात अर्ज आधीच करायचा होता. गोंधळ झाला आणि एप्रिल २०१५ मध्ये नाव बदलून सरळ 'ई-टूरिस्ट व्हिसा' केलं. व्हिसा आहे तर व्हिसा म्हणा. आपल्या सरकारचं कौतुक करायची संधी मला फारशी मिळत नाही, म्हणून मिळाली तेव्हा घेतली.

नावाचा फटका कुणाला बसतो? तुम्हा-आम्हा आयटी हमालांना नाही. आपण एका टॅबमध्ये तिकीट, दुसऱ्यात फॉर्म आणि तिसऱ्यात लोकांचे अनुभव उघडून बसणारी माणसं. फटका बसतो आमच्या वणीच्या मावशीला.

मावसाजी वेकोलितून रिटायर झालेले. जानेवारी २०२४ मध्ये दोघांनी श्रीलंकेला जायचं ठरवलं, आयुष्यातला पहिला परदेश. त्या काळात श्रीलंकेने भारतासह सात देशांना पर्यटनाची फी माफ केली होती. जाहिरातींमध्ये त्याचं झालं 'श्रीलंका व्हिसा फ्री'. तिकीट काढून देणाऱ्यानेही तेच सांगितलं. पण माफ झाली होती ती फी. ईटीए काढावीच लागत होती. वणीहून पहाटे गाडी करून नागपूरला पोचले, बॅगा काट्यावर ठेवल्या आणि काउंटरवरच्या मुलीने ईटीएचा कागद मागितला. मला पुण्यात फोन. "काहून रे, व्हिसा लागत नाही म्हने ना, मंग हे पोरगी कायचा कागद मांगून रायली?"

मी उत्तर देईपर्यंत मावसाजींनी मोबाइलवर शोधून, सगळ्यात वर जे संकेतस्थळ आलं त्यावर फॉर्म भरूनही टाकला होता. दिसायला अगदी सरकारी, झेंडाबिंडा लावलेलं. दोघांचे मिळून सहा हजार आठशे रुपये कापले गेले. त्या महिन्यात खऱ्या सरकारी संकेतस्थळावर फी होती शून्य! मंजुरी आली दुपारी. विमान सकाळीच गेलं होतं.

या प्रकारात कायदा कुणी मोडला, हे सांगणं कठीण आहे. मधल्या संकेतस्थळाने तळाशी बारीक अक्षरात 'आम्ही सरकारी नाही' असं लिहिलेलं असतं. तिकीट विकणारा म्हणतो, व्हिसा लागत नाही असं मी म्हटलं आणि ते खरंच आहे. काउंटरवरची मुलगी तर बिचारी समोरच्या स्क्रीनवर जे येतं ते वाचते. टिमॅटिक नावाचा एक डेटाबेस आहे, आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा. कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते त्यात असतं. कागद नसलेला माणूस नेला तर त्याला फुकट परत आणायचं आणि बऱ्याच देशांत वर दंडही भरायचा, हे विमान कंपनीच्या गळ्यात असतं. म्हणजे श्रीलंकेची सीमा कोलंबोत नाही, नागपूरच्या सोनेगावात आहे! आणि तिथे जो 'नाही' म्हणतो तो त्या देशाचा अधिकारीसुद्धा नसतो.

इथे एक तांत्रिक फरक सांगून ठेवतो, कारण वर्तमानपत्रं सरसकट सगळ्याला एकाच टोपलीत टाकतात. थायलंडने १ मे २०२५ पासून सुरू केलेलं टीडीएसी आणि मलेशियाचं एमडीएसी ही नुसती आगमन-पत्रकं आहेत. पूर्वी विमानात पेन मागत फिरायला लावणारं कार्ड असायचं, तेच आता ऑनलाइन, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. फुकट. आपल्या भाषेत सांगायचं तर ही लॉगमधली नोंद आहे. ईटीए हा प्रकार वेगळा. ते गेट आहे. तिथे उत्तर 'नाही' येऊ शकतं, आणि बहुतेक ठिकाणी कारण नीट सांगत नाहीत, पैसेही परत करत नाहीत. ब्रिटनच्या ईटीएला किंवा अमेरिकेच्या एस्टाला नकार आला तर त्याविरुद्ध अपील नाही. जा आणि रीतसर व्हिसा काढा.

आणि गेट एकदा बसलं की त्याचा टोलनाका होतो. अमेरिकेची एस्टा जानेवारी २००९ मध्ये सक्तीची झाली तेव्हा फुकट होती. २०१० मध्ये १४ डॉलर, २०२२ मध्ये २१, आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून ४०. ब्रिटनची १० पौंडांची ईटीए एप्रिल २०२५ मध्ये १६ वर गेली. न्यू जर्सीतले, पासपोर्ट बदललेले आपले मराठी लोक लंडनच्या बहिणीकडे जायला आता तीच भरतात. युरोपच्या एटियासने तर कमाल केली. कायद्यात फी होती ७ युरो. यंत्रणा सुरू व्हायच्या आत, एकही अर्ज न घेता, ती २० करायचं ठरलं. (एटियास आपल्याला लागू नाही. आपल्याला शेंगेन व्हिसाच लागतो. मराठी माणसाचं नशीब, स्वस्तातली अडवणूकसुद्धा मिळत नाही :) )

सुरक्षेचा मुद्दा मी नाकारत नाही. कोण येतंय हे आधी माहीत असावं असं कुठल्याही देशाला वाटेल. पण मग तपासणी तिकीट विकतानाच का नाही करत? 'हे तंत्रज्ञानाने शक्य नाही' असं मला कुणी सांगू नये. प्रवाशाची माहिती सरकारी यंत्रणेकडे पाठवायची आणि 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं उत्तर काही सेकंदांत मिळवायचं, हे आजही चालतं. फक्त ते चालतं चेक-इनला, म्हणजे पैसे खिशात पडल्यावर. तीच विचारणा बुकिंगच्या पानावर केली तर? 'या प्रवाशाकडे परवानगी नाही, ती इथे मिळेल, फी इतकी' अशी एक ओळ आणि खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा दुवा. एका स्प्रिंटचं काम म्हणणार नाही, मीही या धंद्यात आहे. पण जी कंपनी मला त्याच पानावर खिडकीची सीट, उपमा आणि विमा विकू शकते, तिला ही ओळ जड का जाते? कारण उघड आहे. त्या ओळीने काही जण तिकीट काढायचे थांबतील.

वणीचा आणि लंकेचा संबंध तसा जुना आहे. वणीत १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९४३ ते १९४७ या काळात सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. त्या काळी मद्रासहून बोट मेलचं एकच तिकीट काढायचं, धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, पुढे तलैमन्नारपर्यंत बोट, की परत रेल्वेने थेट कोलंबो. ऐकायला छान वाटतं. पण तेही सगळ्यांना सारखं नव्हतं. चहाच्या मळ्यांवर निघालेल्या मजुरांना मंडपमच्या छावणीत थांबवून, तपासून मगच पुढे सोडत. अडवणूक तेव्हाही होती, फक्त तिला कुणी 'फ्री' म्हणत नव्हतं. सिलोनने १९४८ मध्ये परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा केला आणि मग भारतीयांनाही रीतसर परवाना लागू लागला. 'परवाना' असंच म्हणायचे त्याला.

असो. मावशी-मावसाजी दुसऱ्या दिवशी नवीन तिकिटं काढून गेले, कँडी बघून आले, चहाची पाकिटं आणली. सहा हजार आठशे परत मिळाले नाहीत. आता मावसाजींना मलेशिया खुणावतोय आणि परवाच त्यांनी मला एका सहलीची जाहिरात पाठवली. पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत 'व्हिसा फ्री'. मी त्यांना एवढंच कळवलं आहे की एमडीएसीला एक रुपयाही लागत नाही, कुणी मागितला तर आधी मला फोन करा. आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, मधल्या नावासकट, फॉर्ममध्ये टाका.