खुर्ची उपचाराची, थाट फौजदाराचा

मन आजारी पडले तर लपवू नका, तज्ज्ञाकडे जा, असा उपदेश सरकार उठता-बसता करीत असते. तो खरा मानून तालुक्याच्या गावातील एखादी पारलिंगी मुलगी घरखर्चातून फी बाजूला काढते, एसटीने दोन तास धक्के खात जिल्ह्याला येते, दवाखान्याच्या बाकावर अंग चोरून बसते. आणि भरल्या खोलीत कंपाउंडर तिला आधार कार्डावरच्या जुन्या, पुरुषी नावाने हाक मारतो. उपचाराची पहिली मात्रा ही. आत दुसरी मिळते : ‘लग्न कर, सगळे सुरळीत होईल.’ तिसरी : ‘पुढच्या वेळी वडिलांना घेऊन ये.’ ती आली होती झोप लागत नाही म्हणून! असे क्वचित घडत असेल, असे ज्यांना वाटते त्यांनी ओळखीच्या एका पारलिंगी नागरिकाला विचारून पाहावे. ओळखीचे कोणी नसेल, तर ते का नाही याचाही विचार करावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ खटल्यात सांगितले की, आपले लिंग काय हे ज्याचे त्याने सांगायचे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बजावले की, भोवतालच्या समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी एखाद्याचे जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, आणि उपचार देताना लिंगावरून भेदभाव चालणार नाही. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्याने संप्रेरकोपचार आणि शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर समुपदेशनाची सोय करण्याचे काम सरकारवर टाकले. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, तिने पारलिंगी असण्याचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून बाहेर नेला. आणि त्याच वर्षी 25 ऑगस्टला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना लेखी कळवले की, अशा माणसाला ‘सुधारण्याचा’ उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय. एवढा सगळा कायदा त्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत आला आणि चपला काढायच्या जागीच बसून राहिला.

‘आम्हांला हे शिकवलेच नाही हो,’ असे डॉक्टरमंडळी साळसूदपणे म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनाही ते कोणी शिकवले नव्हते. 2021 मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींचे प्रकरण समोर आले, तेव्हा या विषयातले आपले अज्ञान आणि आपले पूर्वग्रह त्यांनी भर न्यायालयात कबूल केले, मानसशास्त्रज्ञापुढे विद्यार्थी होऊन बसले, समजून घेतले, आणि मग 7 जूनच्या आदेशात असल्या ‘सुधारणे’वर बंदी घाला, ती करणाऱ्याचा परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई करा, असे फर्मावले. ज्यांचा मनाशी धंद्याने संबंध नाही असे न्यायमूर्ती शिकवणीला गेले. ज्यांचे पोट मनावर चालते ते मात्र अज्ञानाचे प्रमाणपत्र भिंतीवरच्या पदव्यांशेजारी टांगून बसले आहेत. पाठ्यपुस्तकांचे म्हणाल, तर त्यांतला अवमानकारक मजकूर काढा असे आयोगाने 2021 मध्ये सांगितले, आणि 2024 च्या ऑगस्टअखेरीस त्याच आयोगाने न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त घातले. ओरड झाली तेव्हा आठवडाभराच्या आत अभ्यासक्रम गुंडाळावा लागला. गुरूच इतका स्थिरबुद्धी, तर शिष्यांना काय बोलावे?

पण अज्ञान हा या दुकानातला सर्वांत स्वस्त माल आहे. महागडा माल म्हणजे ‘लेटर’. संप्रेरके सुरू करायची तर ग्रंथितज्ज्ञ आधी मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र मागतो. शस्त्रक्रियेसाठी कधी दोघांची दोन पत्रे लागतात. मग सुरू होते उलटतपासणी. लहानपणी बाहुल्यांशी खेळलास का? साडी कधी नेसलीस? मग आज पँट का घातलीस? मूल हवेसे वाटत नाही? या प्रश्नांची ‘बरोबर’ उत्तरे कोणती, हे पारलिंगी तरुण एकमेकांना पढवतात. परीक्षेला निघालेल्या पोरांनी आदल्या रात्री गाइड चाळावे, तसे आयुष्य पाठ करून जातात. आणि यातला खरा अनर्थ असा की, जो माणूस रात्ररात्र जागतो, ज्याच्या मनात जीव द्यावा असे येऊन जाते, तोच ते त्या खोलीत बोलत नाही. कारण बोलला तर ‘आधी नैराश्य बरे करू, मग पाहू’ म्हणून पत्र अडणार हे त्याला ठाऊक असते. ज्याच्यापुढे मन मोकळे करायचे त्याच्याच हाती फाटकाची किल्ली दिली, तर मन मोकळे कोण करील? 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी हिजड्यांची नोंदवही पोलिसांच्या हाती दिली होती. आज वही डॉक्टरांकडे आहे, आणि तिचे भाडे दर बैठकीमागे आकारले जाते.

हे असे का चालते? कारण फी बहुधा बापाच्या खिशातून येते. पोरगे ‘ताळ्यावर’ आणून द्या, अशी मागणी घेऊन आलेला बाप हे या धंद्याचे गिऱ्हाईक, आणि पोरगे हा दुरुस्तीला टाकलेला नग. सज्ञान रुग्णाची गोष्ट गोपनीय ठेवणे हे 2017 च्याच कायद्याने घातलेले बंधन आहे. पण ते पाळले तर दुरुस्तीचे बिल कोणाच्या नावे फाडायचे? समुपदेशक म्हणवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पाटी रंगवणाऱ्याचे पैसे दिले की समुपदेशक तयार! या साऱ्यावर पांघरूण पुरोगामी महाराष्ट्राचे. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांना याच महाराष्ट्राने कोर्टात खेचले, आणि 1934 मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. आंबेडकरांच्या जयंत्या करणारी मंडळी, घारापुरीच्या अर्धनारीश्वरापुढे पाहुण्यांना नेऊन संस्कृतीचे पोवाडे गाणारी मंडळी आणि ‘आमच्या घरात असले काही नाही’ म्हणून पोराला दवाखान्यात ओढणारी मंडळी वेगवेगळी नाहीत. सोय तशी श्रद्धा!

मग ही माणसे जगतात कशी? यादीवर. या डॉक्टरांकडे जा, त्या बाईंकडे चुकूनही जाऊ नकोस, अमक्या मॅडम नाव नीट विचारतात आणि फी कमी करतात, अशी कानोकानी चालणारी यादी मोबाइलमधून फिरते. देशात लाखामागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ, तोही बहुधा शहरात. त्या पाऊणातून माणुसकीचा अंश शोधायचा! मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी उभा केलेला समपथिक ट्रस्ट, अशा संस्थांनी आपल्या लोकांसाठी आधार उभे केले. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने 2019 पासून समुपदेशकांनाच शिकवायला घेतले, शिकवणारेही त्याच समाजातले. रुग्णांनी डॉक्टरांना शिकवावे, आणि परिषदा व मंत्रालयांनी उद्घाटनाच्या फिती कापाव्यात, अशी ही कामाची वाटणी आहे. मुंबई-पुण्याबाहेरच्याने मात्र कुठे जायचे? एसटी आहेच.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेला आमचे दोनच प्रश्न आहेत. 25 ऑगस्ट 2022 च्या त्या पत्रानंतर ‘सुधारण्याच्या’ उपचाराबद्दल किती डॉक्टरांची चौकशी झाली, आणि किती परवाने निलंबित झाले? आणि आरोग्यमंत्र्यांना एक : पारलिंगी नागरिकाला सन्मानाने वागवणाऱ्या तज्ज्ञांची जिल्हावार यादी, जी आज कानोकानी फिरते, ती सरकारच्या नावाने केव्हा छापणार? उत्तरासाठी या स्तंभाखाली चार ओळींची जागा आम्ही आजपासून रोज कोरी सोडणार आहोत. तेथे आम्ही जाहिरात घेणार नाही.