गल्ली नंबर चार, धुळे

धुळ्यात पत्ता सांगणं एकदम सोपं. "गल्ली नंबर चार." संपलं! जुन्या शहरातल्या गल्ल्यांना चक्क नंबर आहेत आणि त्या बऱ्यापैकी सरळ, एकमेकींना समांतर जातात. आम्हा प्रोग्रामर लोकांना तर हा ॲरेच वाटतो (शून्यापासून सुरू होत नाही, एवढंच).

हे शहर आपोआप वाढलेलं नाही. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. 1819 मध्ये गाव केवढं? 401 घरं, 2,509 माणसं. ब्रिग्जने लांबून कारागीर आणले, घरांसाठी कायमची बिनभाड्याची जागा दिली, वर बांधायला उचलही दिली. गावातल्यांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. पुढे इतिहासाचार्य राजवाडे याच शहरात राहिले, 1926 च्या 31 डिसेंबरला इथेच गेले.

आता आपण काय करतो? कोरीव खांबाचा फोटो काढतो, "जपलं पाहिजे हो" म्हणतो आणि परत पुण्याची गाडी पकडतो. जपायचं कुणी? घरात एकट्या राहणाऱ्या काकूंनी? प्रॉपर्टी कार्डावर चुलत्यांची आठ नावं, खाली जुना भाडेकरू, वर गळणारी माडी. अशा घरमालकाने बिल्डरला होकार दिला तर त्याला नावं ठेवायचा हक्क मला तरी वाटत नाही.

माझं मत सांगतो. प्रत्येक घर वाचवायचा हट्ट सोडा, गल्ली वाचवा. घर नवं बांधा, पण गल्लीची रेषा मोडू नका, पुढे सरकू नका, ओटा ठेवा. आणि ज्याला जुनं घर ठेवायचंय त्याला ब्रिग्जसारखी मदत करा: घरपट्टीत सूट, दुरुस्तीला कमी व्याजाचं कर्ज. अट एकच, पंधरा वर्षं पाडायचं नाही.

खाजगी घरावर सरकारी पैसा का, असं कुणी विचारेलच. कारण त्या घरांनी मिळून झालेली गल्ली सगळ्यांची आहे. शिवाय कॉलेजं आहेत पांझरेपलीकडे देवपुरात. खेड्यापाड्यातून शिकायला येणाऱ्या पोरांना खोल्या लागतातच. दुरुस्त माडीत दोन पोरं राहिली तर कर्जाचा हप्ता निघेल, काकूंना सोबतही होईल.

कुणी धुळेकर हे वाचत असेल तर सांगा, तुमच्या गल्लीत हे जमेल का?