करसवलत गेली, म्हातारपण थोडेच गेले?

मार्च महिना आला की नगरच्या कापड बाजारातला व्यापारी कर सल्लागाराकडे धाव घेई. ‘किती गुंतवले म्हणजे कर वाचेल?’ हा त्याचा एकच प्रश्न असे. मग घाईघाईने विम्याचा हप्ता भरला जाई, पोस्टात पीपीएफच्या खात्यावर रक्कम पडे. हेतू कर वाचवण्याचा असला, तरी त्या निमित्ताने उतारवयाची थोडीफार तजवीज होत असे.

आता ते निमित्त उरलेले नाही. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नाही. छोट्या दुकानदाराला हा मोठाच दिलासा आहे. पण या प्रणालीत ‘80 सी’ या नावाने सर्वांना परिचित असलेली दीड लाखाची वजावट मिळत नाही. वजावट नाही, म्हणून बचतही नाही, असे होऊ लागले तर ते धोक्याचे आहे.

नोकरदाराचा फंड पगारातूनच कापला जातो. व्यापाऱ्याचा कापणारा कोणी नाही. ‘दुकान हीच आपली पेन्शन’ असे तो म्हणतो. पण गुडघे थकतात, मुलगा पुण्याला नोकरी धरतो, आणि आयुष्याची कमाई मालात व उधारीत अडकून राहते.

दुसरा भरवसा ठेवींचा. जादा व्याजाच्या आशेने सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणारे आपल्या जिल्ह्यात थोडे नाहीत. 1910 साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला, हे इथल्या ठेवीदारांना नव्याने सांगायला नको. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण तरी आहे. पतसंस्थेतील ठेवीला तेही नाही.

मग करावे काय? साधा हिशेब पाहा. 10 लाख करपात्र उत्पन्न असलेल्या व्यापाऱ्याला 2024-25 मध्ये नव्या प्रणालीत उपकरासह 52,000 रुपये कर पडत होता. 2025-26 मध्ये तो शून्य झाला. म्हणजे महिन्याला सुमारे 4,300 रुपये हाती उरले. ते गल्ल्यात मिसळले की संपले. तेच दरमहा निराळे काढले, तर म्हातारपणी मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही.

त्यासाठी राष्ट्रीय पेन्शन योजना 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे. व्याज नको म्हणून बचतच टाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, शरियतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड आपल्या देशात आहेत. मात्र त्यांचे भाव वरखाली होतात, परताव्याची हमी नसते.

दुकानातील नोकर, हातगाडीवाले, शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे. वय 18 ते 40 हवे, आणि ऑक्टोबर 2022 पासून आयकरदात्यांना तीत नव्याने प्रवेश नाही. साठीनंतर दरमहा 5,000 रुपये मिळावेत यासाठी 25 व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिन्याला 376 रुपये भरावे लागतात, तर चाळिशीत सुरुवात करणाऱ्याला 1,454. उशिराची किंमत याहून स्पष्ट कोण सांगणार? अर्थात तेव्हाच्या महागाईत 5,000 रुपये पुरणार नाहीत. तो केवळ एक आधार आहे.

कॅनडात 1957 पासून निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेवर करात सूट मिळते. आपल्याकडे सरकारने बहुतेकांच्या बाबतीत हे आमिष काढून घेतले आहे. ते योग्य की अयोग्य, यावर तज्ज्ञ वाद घालोत. व्यापारी बांधवांनी मात्र एवढेच करावे : दुकानाचे भाडे जसे न चुकता काढता, तसा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या म्हातारपणाचा हप्ता काढावा. मार्चची वाट पाहू नये.