एक खिडकी : कोणाच्या सोयीची?

१ जानेवारी २०१८ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड आणि व्हिएतनाम ह्या पाच देशांनी परस्परांच्या व्यापारातील एक कागद संगणकावरून धाडण्यास प्रारंभ केला. ‘फॉर्म डी’ ह्या नावाने ओळखला जाणारा हा कागद म्हणजे मालाच्या मूळस्थानाचे प्रमाणपत्र होय. माल आसियान गटातील देशातच तयार झाला आहे, असे त्या देशाचे शासन त्याद्वारे सांगते, आणि मग आयात करणारा देश त्यावर सवलतीचा दर लावतो. २०१९ अखेर ब्रुनेई, कंबोडिया, लाओस, म्यानमार आणि फिलिपीन्स हेही ह्या जोडणीत आले. दहा देशांच्या दहा ‘राष्ट्रीय खिडक्या’ एकमेकींशी बोलू लागल्या. घटना तांत्रिक व म्हणून रुक्ष वाटते. परंतु जगातील व्यापाराचे नियम ह्यापुढे कोठे ठरणार आहेत, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

जुनी रीत कशी होती? प्रमाणपत्राच्या तीन प्रती. मूळ प्रत आयातदाराकडे जावयाची, दुसरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरी, तिसरी निर्यातदारापाशी. सह्या आणि शिक्के खरे आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने देशोदेशी आधीच पोहोचवावे लागत. अधिकारी बदलला, नमुना पोहोचला नाही, की माल अडकला. शिवाय ह्या प्रदेशातील सागरी अंतरे थोडी. जहाज दोन-चार दिवसांत बंदरास लागे आणि कागद मागाहून येई. तोवर गोदामाचे भाडे चढत राहावयाचे, अथवा पूर्ण शुल्क भरून पुढे परताव्यासाठी खेटे घालावयाचे.

‘व्यापार-सुलभीकरण’ हा शब्द उच्चारताच डाव्या विचाराच्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात, आणि त्या सर्वस्वी अकारण नसतात. पण कागदाच्या राज्यात गरिबाचे हित होते, असे मानणे ही निव्वळ भाबडी समजूत होय. विलंबाचा भार मोठ्या कंपनीस जाणवत नाही. तिची स्वतःची गोदामे असतात, अधिकाऱ्यांशी बोलणारी माणसे पगारावर ठेवलेली असतात. चार दिवसांचा खोळंबा ज्याचा वर्षाचा नफा खाऊन टाकतो, तो छोटा उत्पादक असतो. आणि टेबलाखालचा व्यवहार जेथे चालतो तेथे कागद अडवून धरण्याची सोय असावीच लागते. परवाना-राज्याचा अनुभव घेतलेल्या भारतीयांस हे वेगळे सांगावयास नको.

ही जोडणी व्हावयास इतका काळ का लागला, हा प्रश्न मात्र अधिक उद्बोधक आहे. करारावर सह्या झाल्या त्या डिसेंबर २००५ मध्ये, क्वालालंपूर येथे. जुन्या सहा सदस्यांनी २००८ पर्यंत आणि कंबोडिया, लाओस, म्यानमार व व्हिएतनाम ह्यांनी २०१२ पर्यंत आपापली खिडकी उघडावी, असे ठरले होते. प्रत्यक्षात पहिले पाच देश जोडले गेले ते २०१८ मध्ये. संगणकाची उणीव होती म्हणावे, तर सिंगापूरने आपली ‘ट्रेडनेट’ ही व्यवस्था १९८९ मध्येच सुरू केली होती. अडचण खात्याखात्यांत होती. सीमाशुल्क, कृषी, आरोग्य, वाणिज्य ही प्रत्येक देशातील स्वतंत्र संस्थाने. आपला शिक्का दुसऱ्याच्या यंत्रावर उमटू देण्यास कोणीच राजी नसते. त्यावर कायद्याचा पेच. एका देशातील अधिकाऱ्याची विद्युत-स्वाक्षरी दुसऱ्या देशात ग्राह्य मानावी काय, चुकीच्या संदेशाची जबाबदारी कोणाची, गुप्तता कोणी राखावयाची, ह्याविषयीची कायदेशीर चौकट सप्टेंबर २०१५ मध्ये कोठे मान्य झाली. तारा जोडण्यापेक्षा अधिकार सोडणे कठीण असते.

ह्या रचनेतील एक गोष्ट मुक्तकंठाने वाखाणण्याजोगी आहे. दहाही देशांच्या कागदपत्रांचे एकच भांडार कोठे उभारलेले नाही. प्रत्येक देशाची माहिती त्या देशापाशी राहते आणि हवा तो संदेश एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत थेट जातो. कोणता कारखाना कोणाला काय भावाने विकतो, हे ज्याला ठाऊक तो बाजाराचा धनी. तेव्हा अशी माहिती एका हाती न देण्यातील शहाणपण उघड आहे. ह्या उभारणीस अमेरिकेच्या मदत-संस्थेचे तांत्रिक साहाय्य दीर्घकाळ लाभले. तीच संस्था २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली. परक्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्यांनी ओंजळ मिटण्याचीही तयारी ठेवावी लागते. राष्ट्रीय पातळीवर तरी सर्व खिडक्या शासनाच्याच हाती आहेत काय? तसेही नाही. मलेशियात ही सेवा सरकारी कंत्राटाने वर्षानुवर्षे एका खाजगी कंपनीकडे राहिली. पूर्वी प्रत्येक टेबलाशी दक्षिणा द्यावी लागे. खाजगी खिडकी एकच असली म्हणजे तिच्याशी कायम भाडे भरावे लागते, आणि त्या भाड्याला पावती मिळते एवढाच काय तो फरक.

सोय कोणाची झाली, हे तपासण्यास आणखी एक कसोटी आहे. सप्टेंबर २०२० पासून आसियानमध्ये ‘प्रमाणित निर्यातदार’ ही पद्धत आली. ज्यांना शासनाने मान्यता दिली आहे त्यांनी आपल्या मालाचे मूळस्थान बीजकावर स्वतःच घोषित करावयाचे; त्यांस फॉर्म डी नको. अशी मान्यता मिळवावयाची तर हिशेब चोख हवेत, दप्तर हवे, नियम जाणणारा माणूस हवा. म्हणजे खिडकीसमोरची रांग मोडण्याची सवलत कोणास, हे सांगावयास नकोच. दुसऱ्या टोकाला, २०१० मध्ये अमलात आलेल्या आसियानच्या मालव्यापार कराराने २०० डॉलरपर्यंतच्या मालास प्रमाणपत्रातून सूट दिली. मेकाँग ओलांडून थायलंडच्या बाजारात भाजी नेणाऱ्या लाओसच्या बाईला ती पुरेशी असेल. पण चार घरांनी मिळून एक ट्रक भरला की ही सूट संपते आणि ती मंडळी मोठ्या कारखानदाराच्याच अर्जापुढे येऊन उभी राहतात. त्या दोहोंच्या मधल्या माणसाचा विचार करारात फारसा झालेला दिसत नाही.

जागतिक व्यापार संघटनेने २०१५ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की, सुलभीकरणाचा करार पूर्णतया अमलात आल्यास व्यापाराचा खर्च सरासरीने १४.३ टक्क्यांनी उतरेल. सरासरी हा अर्थशास्त्रातील सर्वांत सोयीस्कर पडदा आहे. बचत निर्यातदाराच्या खिशात राहते, खरेदीदार कंपनी ती भाव पाडून काढून घेते, की शेतावरच्या मजुरापर्यंत काही झिरपते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

वेगाने आलेले प्रमाणपत्र खरेच असते असेही नाही. श्रीलंकेच्या सवलतीच्या आडून व्हिएतनामची मिरी भारतात येते, ही मिरी-उत्पादकांची तक्रार जुनी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये भारताला मिरीवर किलोमागे ५०० रुपये किमान आयात-किंमत लावावी लागली. सुपारीचीही गत अशीच, आणि तिचा फटका कोकणातल्या बागायतदारापर्यंत येतो. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये भारताने नियमच केला की, प्रमाणपत्र दाखविले म्हणजे भागले नाही. माल तेथलाच आहे ह्याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगावी. आयातदारांनी ह्यास जाच म्हटले. परंतु खोट्याला विजेचा वेग दिल्याने ते खरे होत नाही, आणि कारखान्यावर जाऊन पाहणारा अधिकारी संदेशाने अनावश्यक ठरत नाही.

भारताने आपली एक-खिडकी १ एप्रिल २०१६ पासून सुरू केली आणि तिचा उपयोगही झाला. मात्र नाशिकच्या कांदा-उत्पादकाला विचारावे की त्याचा माल कशाने अडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून सरसकट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. मलेशियातील गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दाराशी गेले तर त्यात नवल काय? अर्ज मिनिटांत स्वीकारणारी खिडकी आणि रातोरात लागणारी कडी ही एकाच शासनाची दोन कामे आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्ते हा आसियानचा अकरावा सदस्य झाला. खनिज तेल व वायू सोडल्यास त्याची मुख्य निर्यात कॉफीची, आणि ती पिकविणारी कुटुंबे डोंगरातली. आज ना उद्या हाही देश ह्या साखळीत येईल, आणि तज्ज्ञ मंडळी कोणते यंत्र घ्यावे ह्याची चर्चा आरंभतील. शेतकऱ्यांच्या संघाला अर्ज तेतुम भाषेत भरता येईल काय, त्यास शुल्क किती पडेल, आणि तो नाकारला गेल्यास दाद कोठे मागावयाची, हे तीन प्रश्न तेथील शासनाने कंत्राटावर सही करण्यापूर्वीच निकालात काढावयास हवेत.